गुण वहीत आहेत, मत कुठे आहे?

वाचकाचे पत्र : गेली सहा वर्षे मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची आणि मालिकेची एका वहीत नोंद ठेवतो. नाव, तारीख, पाचपैकी गुण आणि एखाद्या शब्दाचा शेरा, एवढेच तिचे स्वरूप आहे. आजवर ४१२ नोंदी झाल्या. मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीने ती वही चाळली आणि विचारले, "दादा, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ला तीनच गुण का?" पुढे फक्त ‘नाटकी’ असे लिहिलेले होते. मला तिला काहीही सांगता आले नाही. मग मी वही पहिल्या पानापासून वाचली आणि अस्वस्थ झालो. ‘कोर्ट’ : दोन, ‘संथ’. ‘द सोप्रानोज’ : दोन, ‘शेवट फसवा’. ‘व्हर्टिगो’ : अडीच, ‘उगाच नावाजलेला’. ‘ब्रेकिंग बॅड’ : गुण नाहीत, ‘पहिल्या पर्वानंतर सोडली’. उलट, जी कौटुंबिक मालिका मी रोज रात्री न चुकता पाहतो तिची नोंदच केलेली नाही, कारण ती कोणी वाचली तर काय म्हणेल असे वाटते. एका जवळच्या मित्राशी त्याच्या आवडत्या मालिकेवरून वाद इतका वाढला की दोन आठवडे आम्ही बोललो नाही. मला खरोखर मते आहेत, की मी नुसते गुण देतो? माझी अभिरुची कच्ची आहे का? आज न पटणाऱ्या नोंदी खोडून टाकाव्यात का? वेळ वाचावा म्हणून मी बरेच काही दीडपट वेगाने पाहतो, हेही प्रांजळपणे सांगतो. आणखी एक शंका : नव्या टीव्हीवर जुने चित्रपटसुद्धा मालिकेसारखे का दिसतात?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले, कारण त्यात विचारलेल्या प्रश्नांपेक्षा बहिणीपुढे तुमची जी पंचाईत झाली ती मला अधिक महत्त्वाची वाटली. तिला उत्तर देता आले नाही याचा अर्थ अभिरुची कच्ची आहे असा तुम्ही लावलात. मला तो तसा वाटत नाही. न्यायालयाच्या कागदपत्रांतून साक्षी-पुरावे काढून टाकून फक्त निकालपत्राचे शेवटचे वाक्य जपून ठेवावे, तसे तुमच्या वहीचे झाले आहे. तीन गुण हा निकाल आहे. तो कशाच्या आधारावर दिला, त्या संध्याकाळी तुम्ही नेमके काय पाहिले आणि काय ऐकले, हे वहीत कुठेच नाही. आणि सहा वर्षांनी स्मरणातूनही ते गेलेले आहे. त्यामुळे मते नव्हती असे नाही, ती लिहून ठेवली गेली नाहीत.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’पासूनच सुरुवात करू. ‘नाटकी’ हा तुमचा शेरा मला मुळीच टाकाऊ वाटत नाही, उलट त्यात एक खरे निरीक्षण दडलेले आहे. सिडनी ल्युमेट यांचा हा चित्रपट १९५७ सालचा. पण रेजिनल्ड रोज यांनी ही कथा मुळात दूरचित्रवाणीवरील नाटकासाठी लिहिली होती आणि ते १९५४ मध्ये प्रसारित झाले होते. बारा ज्यूरी (खटल्याचा निकाल ठरवणारे सामान्य नागरिक), एक खोली आणि एका तरुणाच्या जिवाचा फैसला, एवढाच ऐवज. सुमारे ९६ मिनिटांपैकी अगदी थोडी मिनिटे सोडली तर कॅमेरा त्या खोलीच्या आणि तिला लागून असलेल्या स्वच्छतागृहाच्या बाहेर पडत नाही. तेव्हा ही गोष्ट रंगमंचाच्या जवळची आहे हे तुम्हाला जाणवले, ते योग्यच होते. मात्र तुम्ही तिथेच थांबलात. जे नाटकात करता येत नाही असे काय या चित्रपटाने त्या खोलीत केले, हा पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

त्याचे उत्तर स्वतः ल्युमेट यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. चित्रपटाच्या पहिल्या सुमारे एक तृतीयांश भागात कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे, मधल्या भागात तो डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि शेवटच्या भागात त्याहून खाली जातो, त्यामुळे खोलीचे छत दिसू लागते. शिवाय कथा पुढे सरकते तशा अधिकाधिक लांब, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या, लेन्स वापरलेल्या आहेत. अशा लेन्समुळे मागची भिंत पुढे सरकून माणसांच्या पाठीला टेकल्यासारखी भासते. खोली तीच, टेबल तेच, पण प्रेक्षकाला ती आवळत चालल्यासारखी वाटते आणि आपला श्वास का कोंडतो आहे हे त्याला सांगता येत नाही. शेवटी इमारतीबाहेरचे दृश्य रुंद, म्हणजे विस्तृत परिसर टिपणाऱ्या, लेन्सने घेतले आहे, आणि तिथे एकदम मोकळे वाटते. मी स्वतः हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा मला केवळ संवाद ऐकू आले होते. पुढे कित्येक वर्षांनी शेवटची वीस मिनिटे आवाज बंद करून पाहिली, तेव्हा घामाने चिकटलेल्या सदऱ्यांच्या मागे, डोक्यांच्या अगदी वर आलेले ते छत मला पहिल्यांदा दिसले. तुम्हीही तसे करून पाहा. त्यानंतरही तुमचे गुण तीनच राहिले तरी माझी काही हरकत नाही. पण बहिणीला सांगायला तुमच्याजवळ काहीतरी असेल. शक्य झाल्यास बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) सुद्धा पाहा. कथा तीच असताना हाताळणी बदलली की काय बदलते, हे शिकायला या दोन चित्रपटांसारखी दुसरी जोडी क्वचितच सापडेल.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की यापुढे गुण जरूर द्या, पण ते सर्वांत शेवटी लिहा. त्याआधी चित्रपटातला एक क्षण लिहा, जो दुसऱ्या दिवशी सकाळीही डोळ्यांसमोर राहिला असेल : कोणी काय केले, कुठे उभे राहून केले, त्या वेळी कोणता आवाज येत होता. तो क्षण लिहिताना विशेषणे टाळा. ‘सुंदर’, ‘दमदार’, ‘टुकार’ हे शब्द सहा महिन्यांनी तुम्हालाच काही सांगणार नाहीत. ‘ती दार लावते आणि मग कडी पुन्हा उघडून बघते’ हे वाक्य मात्र दहा वर्षांनी वाचले तरी संपूर्ण प्रसंग परत आणून उभा करील. त्यानंतर तो क्षण तुम्हाला का भावला किंवा का खटकला याचे एक वाक्य, आणि तुम्ही कोणत्या परिस्थितीत पाहिले याचे एक वाक्य. या शेवटच्या वाक्याला लोक फारसे महत्त्व देत नाहीत. मला ते अत्यंत आवश्यक वाटते, आणि त्याचे कारण तुमच्याच वहीत आहे.

ते कारण म्हणजे ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंतु पुरस्कार मिळाला म्हणून तो तुम्हाला आवडायलाच हवा असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही हा चित्रपट दीडपट वेगाने पाहिला असेल, अशी मला दाट शंका आहे, आणि तसे असेल तर ‘संथ’ हा शेरा द्यायचा अधिकारच तुम्ही गमावला आहे, कारण त्या चित्रपटाची गती तुम्ही पाहिलेलीच नाही. त्यात कॅमेरा बहुतांश वेळ स्थिर आणि माणसांपासून दूर उभा आहे. एका वृद्ध लोकशाहिरावर, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप आहे. खटला तारखांवर तारखा घेत सरकतो, कलमे वाचली जातात, टंकलेखकासाठी न्यायाधीश वाक्ये सांगतात, आणि दरम्यान माणसाच्या आयुष्यातले दिवस निघून जातात. इथे वेळ हाच विषय आहे. वेळ आखडून टाकला तर विषयच उरत नाही.

शेवटाकडे एक प्रसंग आहे, तो आठवून पाहा. न्यायालयाला सुट्टी लागते. माणसे निघून जातात. कॅमेरा मात्र तिथेच उभा राहतो, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर काळोख होतो. चित्रपट संपला असे वाटून आपण उठायच्या बेतात असतो, आणि तेवढ्यात तो पुढे चालू होतो : न्यायाधीश सहलीला गेलेले आहेत, बाकावर बसल्या जागी त्यांचा डोळा लागतो आणि खोडकर मुले ओरडून त्यांना दचकवतात. मला त्या काळोखाने फार अस्वस्थ केले होते. आरोपी कोठडीत आहे हे आपल्याला ठाऊक असते, दिवे मालवणाऱ्याला मात्र त्याचे काही सोयरसुतक नसते, आणि तो काळोख पडद्यावर जितका वेळ राहतो तितका वेळ ही जाणीव आपल्याला सोडत नाही. दीडपट वेगात तो नुसता एक पडदा बदलल्यासारखा निघून जातो. विनोदी कार्यक्रमातही हेच घडते; विनोदाची अर्धी ताकद दोन वाक्यांमधल्या थांब्यात असते. वेळ कमी असेल तर कमी पाहा, अर्धा चित्रपट आज पाहून उर्वरित उद्या पाहा, मात्र वेगाला हात लावू नका. आणि ज्या जुन्या नोंदी दीडपट वेगाच्या आहेत, त्यांच्यापुढे तसे लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही स्वतःच त्यांचे वजन ठरवू शकाल.

टीव्हीबद्दलची तुमची शंका याच्याशी निगडित आहे, आणि तिचा उपाय सोपा आहे. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या हिशेबाने चित्रित होतात. नवे टीव्ही त्या चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या जादा चौकटी घालतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि पन्नास वर्षांपूर्वीचा चित्रपटही काल व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपल्यासारखा दिसतो. दोष तुमच्या डोळ्यांचा नाही आणि चित्रपटाचाही नाही. सेटिंगमध्ये चित्राच्या विभागात ‘मोशन’ या शब्दाशी जोडलेली जी सोय असेल ती बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते. अनेक टीव्हींवर आता ‘फिल्ममेकर मोड’ नावाचा पर्याय असतो, तो निवडला की ही प्रक्रिया आपोआप थांबते. क्रिकेटच्या सामन्यासाठी मात्र ती सोय खुशाल चालू ठेवा.

आता ‘व्हर्टिगो’. ‘उगाच नावाजलेला’ हा तुमचा शेरा वाचून मला वाटले की इथे तुम्ही चित्रपटाला गुण दिलेलेच नाहीत, त्याच्या कीर्तीला दिलेले आहेत. कीर्ती किती अस्थिर असते ते पाहा. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणते ते विचारते. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ १९५८ चा. १९६२ आणि १९७२ या दोन्ही याद्यांत तो पहिल्या दहांत नव्हता. १९८२ मध्ये तो त्यात आला, आणि २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला; तोवर सलग पाच वेळा ते स्थान ‘सिटिझन केन’कडे होते. २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा ‘जान दिएलमान’ हा १९७५ चा चित्रपट पहिला आला. पन्नास वर्षांत ‘व्हर्टिगो’ची एकही चौकट बदललेली नाही; बदलले ते पाहणारे, आणि त्यांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न. तेव्हा अडीच गुण देताना १९६२ चे समीक्षक तुमच्या बाजूने होते असे समजा हवे तर, पण त्यांच्या पाठिंब्याने तुमचे मत बळकट होत नाही, जसे २०१२ च्या समीक्षकांच्या विरोधाने ते कमकुवत होत नाही. त्या चित्रपटात तुम्हाला काय खटकले? नायकाचा हट्ट, शेवटाआधीच उघड केलेले रहस्य, की पाठलागाच्या लांबलचक निःशब्द दृश्यांनी तुमचा धीर संपला? यांपैकी एक जरी लिहिले असतेत तर ते कोणत्याही यादीपेक्षा मोलाचे ठरले असते.

याच ओघात टक्केवारीविषयीही सांगतो, कारण पाहण्याआधी आकडा बघायची सवय आता बहुतेकांना लागली आहे. ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारी टक्केवारी हे परीक्षेतले गुण नव्हेत. किती टक्के परीक्षणे अनुकूल आहेत एवढेच ती सांगते. शंभरच्या शंभर समीक्षकांना एखादा चित्रपट जेमतेम बरा वाटला तरी तो शंभर टक्क्यांवर जाईल. आणि साठ जणांना जो आयुष्यभर लक्षात राहील, पण चाळीस जणांना जो मुळीच सहन होणार नाही, तो साठ टक्क्यांवर थांबेल. मला व्यक्तिशः हा दुसरा चित्रपट पाहायला अधिक आवडेल. परीक्षणे वाचायचीच असतील तर चित्रपट पाहून आल्यावर आणि आपली नोंद लिहून झाल्यावर वाचावीत. मग ती तुमच्या मताला धार लावतात. आधी वाचली तर दुसऱ्याचे शब्द तुमच्या वहीत उतरतात आणि ते तुमचे नाहीत हे तुमच्या लक्षातही येत नाही. ‘नाटकी’, ‘संथ’, ‘उगाच नावाजलेला’ हे तिन्ही शेरे कुठेही वाचायला मिळतील असे आहेत, एवढे नमूद करतो.

‘द सोप्रानोज’बद्दल मी तुमच्याशी थोडे भांडणार आहे. एका माफिया टोळीप्रमुखाची आणि त्याच्या कुटुंबाची ही ८६ भागांची मालिका तुम्ही अथपासून इतिपर्यंत पाहिलीत. आवडली नसती तर इतके तास कोणी देत नाही. तिचा अखेरचा भाग १० जून २००७ रोजी प्रसारित झाला, आणि कुटुंब उपाहारगृहात बसलेले असताना दृश्य मध्येच तोडून पडदा काही सेकंद पूर्ण काळा आणि निःशब्द झाला; केबल गेली असे समजून अनेक प्रेक्षक तेव्हा गोंधळून गेले होते. तुम्हालाही फसवणूक झाल्यासारखे वाटले, हे मी समजू शकतो. पण त्या काही सेकंदांनी आधीच्या ८५ भागांचे गुण कसे कापले गेले? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवून दिले आहे की एखाद्या अनुभवाची आठवण ठरते ती मुख्यतः त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून. तो अनुभव किती वेळ लाभला याला आठवणीत फारसे स्थान मिळत नाही. वही शेवटी उघडली की असे होणारच. लांब मालिका पाहताना प्रत्येक पर्वानंतर नोंद करा, आणि शेवटाबद्दलचा राग त्याच्या स्वतःच्या ओळीत लिहा. राग खराच आहे, तो लिहिलाच पाहिजे, फक्त त्याला सगळ्या वर्षांचा हिशेब करू देऊ नका. त्या मालिकेत अर्धवट राहिलेल्या गोष्टींची सवय प्रेक्षकाला पहिल्यापासून लावलेली आहे. कित्येक धागे ती मुद्दाम मोकळे सोडते. त्यामुळे तो शेवट तिच्या स्वभावाशी इमान राखणारा आहे असे माझे मत आहे. ते तुम्ही मान्य करावे असा आग्रह नाही.

‘ब्रेकिंग बॅड’ सोडलीत, यात अपराध वाटण्यासारखे काहीच नाही. एखादी मालिका सोडणे हेसुद्धा मतच आहे, फक्त ते कुठे सोडली आणि का सोडली हे लिहिले पाहिजे. पहिले पर्व तुम्हाला अपुरे वाटले असेल, तर त्याला एक कारण आहे : ते नऊ भागांचे ठरले होते, पण अमेरिकेतल्या लेखकांच्या संपामुळे, जो नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ चालला, ते सात भागांवर थांबले. मालिका कशी बनली हे कळले म्हणून ती आपोआप आवडू लागत नाही. मात्र ‘कथा मध्येच तुटली’ ही तुमची तक्रार असेल तर ती बिनबुडाची नव्हती एवढे त्यावरून कळते. कुठवर धीर धरावा, याविषयी माझा स्वतःचा नियम असा आहे की कथा कळली नाही म्हणून मी कधी सोडत नाही, पण एकाही पात्राचे पुढे काय होईल याची मला काळजी वाटेनाशी झाली की लगेच सोडतो.

आता त्या रोजच्या मालिकेकडे येतो, जिची नोंद तुम्ही लपवलीत. पत्रातल्या सर्व गोष्टींत मला हीच सर्वांत जास्त लागली. सहा वर्षांच्या वहीत जी गोष्ट तुम्ही सर्वाधिक वेळ पाहिली तिलाच जागा नसेल, तर ती वही तुमच्या पाहण्याची नाही, तुम्ही इतरांना कसे दिसू इच्छिता त्याची आहे. ती मालिका तुम्हाला रोज खेचून नेते, तेव्हा तिच्यात काहीतरी आहेच. ते काय, हे शोधून लिहिणे हे ‘व्हर्टिगो’वर लिहिण्याहून अवघड काम आहे आणि म्हणून अधिक शिकवणारे आहे. आठवड्याचे पाच-सहा दिवस भाग द्यायचा असतो. चित्रित भागांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेल्या भागांचा साठा, दोन-चार दिवसांवर येऊन ठेपलेली असते, कधी कधी संवाद चित्रीकरणाच्या दिवशीच हाती पडतात, आणि आठवड्याचा टीआरपी पाहून कथानक वळवले जाते. त्या धावपळीतही एखादी अभिनेत्री स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून, एकही शब्द न बोलता, सुनेचे बोलणे आपल्याला लागले हे नुसत्या खांद्यांच्या हालचालीतून सांगून जाते. ते तुम्ही पाहिले असेल तर लिहा. एकाच धक्क्यावर चारही चेहऱ्यांकडे तीन-तीनदा धावणारा कॅमेरा आणि त्याबरोबर वाजणारा ढणढणाट खटकत असेल तर तेही त्याच पानावर लिहा. एखादी गोष्ट सदोष आहे हे ठाऊक असूनही ती मनापासून आवडू शकते, आणि निर्दोष गोष्टही मन स्पर्शून जात नाही, हे दोन्ही मान्य केल्याशिवाय नोंदी प्रामाणिक होणार नाहीत. ‘मला आवडले नाही’ आणि ‘हे वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. तुमच्या वहीतल्या एका आकड्यात ती दोन्ही एकत्र कोंबलेली आहेत, म्हणून तो आकडा आज काहीच बोलत नाही.

मित्राच्या बाबतीतही नेमके हेच घडले असणार. त्याने एखादी मालिका जिवाभावाने पाहिली, तुम्ही ‘वाईट आहे’ म्हणालात, आणि त्याला ते ‘तुला कळत नाही’ असे ऐकू आले. मनात जपलेल्या गोष्टीवर कोणी एका शब्दात फुली मारली की माणूस दुखावतो. त्याला स्वतःहून फोन करा. मालिकेचा विषय आधी काढू नका, आणि पुढे कधी निघालाच तर एवढेच विचारा की तुला त्यातला कोणता प्रसंग सर्वांत जास्त आवडला. उत्तर शांतपणे ऐका, शक्य असेल तर तो प्रसंग त्याच्याबरोबर बसून पुन्हा पाहा, आणि मग तुम्हाला त्यात काय दिसले ते सांगा. दोघांसमोर एकच प्रसंग असला की बोलणे त्या प्रसंगाबद्दल होते, एकमेकांच्या लायकीबद्दल होत नाही. तुमचे मत सौम्य करायची गरज नाही. ते कशाबद्दल आहे हे मात्र स्पष्ट असू द्या.

राहिला खोडण्याचा प्रश्न. कृपा करून एकही नोंद खोडू नका. १९६७ साली ‘बॉनी अँड क्लाइड’ प्रदर्शित झाला तेव्हा ‘न्यूजवीक’चे समीक्षक जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनी त्यावर कडक टीका केली. काही दिवसांतच त्यांनी तो पुन्हा, चित्रपटगृहातल्या सामान्य प्रेक्षकांमध्ये बसून पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच साप्ताहिकात आपले आधीचे परीक्षण चुकले होते असे लिहून नव्याने परीक्षण केले. पहिले परीक्षण छापून झालेले होते, ते पुसता येणार नव्हते. म्हणून त्यांनी त्याच्याखाली दुसरे लिहिले. त्याच चित्रपटाची जोरदार पाठराखण करणाऱ्या समीक्षक पॉलीन केल यांची रीत अगदी उलट होती : चित्रपट एकदाच पाहायचा आणि त्या पहिल्या आघाताशी प्रामाणिक राहून लिहायचे. या दोघांपैकी मला मॉर्गनस्टर्न जवळचे वाटतात, पण केल यांच्या रीतीतही एक सत्य आहे. पहिल्या वेळी जे वाटले ते पुन्हा कधी तसेच वाटणार नाही, म्हणून ती नोंद जपली पाहिजे. जुन्या नोंदीखाली रेघ मारून आजची तारीख घाला आणि नव्याने लिहा. ४१२ च्या ४१२ नोंदींसाठी हे करायला नको. ज्या नोंदीशी आज तुमचे भांडण आहे तेवढ्या दहा-बारा पुरेत.

सुरुवात ‘कोर्ट’पासून करा. मूळ वेगाने, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, बहीण तयार असेल तर तिला शेजारी बसवून पाहा. दिवे मालवून काळोख झाला की लगेच बोलू नका. चित्रपट संपल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा की तो काळोख किती वेळ टिकला असे वाटले आणि त्या वेळात मनात कोण होते. मग कागदांची अदलाबदल करा, आणि वहीतल्या ‘संथ’ या शब्दाखाली तुमची नवी नोंद तिच्यासमोरच लिहा.